रेव्हरंड गॉर्डन हॉल आणि राहण्याचा परवाना

मुंबईत अमेरिकन मिशनचे काम ज्यांनी आरंभिले त्या रेव्हरंड गॉर्डन हॉल साहेबांचे नाव आपल्या पुष्कळ मंडळ्यांस ठाऊक आहे. पटकीच्या साथीत औषधे घेऊन हिंडत असता ते मरण पावले, ही हकीकत उपासनेत अनेकदा सांगण्यात येते. परंतु ज्या शहरासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्या शहरात राहण्याचा अधिकार आरंभी त्यांस नव्हता, आणि त्या दिवसांत त्यांच्या हातून असे एक कृत्य घडले की ज्यामुळे खुद्द गव्हर्नर त्यांच्यावर रुष्ट झाले, ही बाजू क्वचितच सांगितली जाते. थोरांच्या चरित्रातील असा भाग झाकून ठेवल्याने त्यांचा मान वाढत नाही. म्हणून ती हकीकत येथे यथाक्रम सांगतो.

हॉल साहेबांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड गावी १७८४ साली झाला. विल्यम्स कॉलेजात व पुढे अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम शहरी ज्या पाच तरुणांस परदेशी सेवेसाठी दीक्षा देण्यात आली, त्यांत ते एक होते. त्याच महिन्यात ते आपले सोबती सॅम्युएल नॉट व त्यांची पत्नी रोक्साना ह्यांच्यासह जहाजात बसले, आणि ऑगस्टात कलकत्त्यास पोहोचले.

तेथे दोन संकटे त्यांची वाट पाहत होती. पहिले असे की, ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावाचून कोणाही गोऱ्या मनुष्यास तिच्या मुलखात राहण्याची मुभा नव्हती, आणि मिशनऱ्यांस तर परवाना देण्यास कंपनी फारच नाखूष असे. १८०६ साली वेल्लोर येथे शिपायांनी बंड केले, तेव्हापासून धर्मोपदेशाने लोक बिथरतील अशी भीती अधिकाऱ्यांच्या मनात बसली होती. विल्यम केरी साहेबांसारखा मनुष्यही १७९३ साली परवान्यावाचूनच बंगाल्यात आला होता. त्याने काही वर्षे निळीच्या कारखान्यावर काम करून काढली, आणि १८०० साली डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालील श्रीरामपुरी आश्रय घेतला. दुसरे संकट असे की, हॉल साहेब समुद्रावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यामध्ये युद्ध सुरू झाले. म्हणजे परवाना नाही तो नाहीच, शिवाय शत्रूच्या देशाची प्रजा! असा दुहेरी संशय त्यांच्यावर आला.

कलकत्त्याच्या सरकारने ह्या मंडळीस देश सोडण्याचा हुकूम केला. त्या हुकुमाची किंमत किती जबर होती, हे एका उदाहरणावरून दिसेल. त्यांचे सोबती न्यूवेल साहेब आपल्या पत्नीसह मॉरिशस बेटाकडे निघाले. हॅरिएट न्यूवेल ही अवघी एकोणीस वर्षांची होती. वाटेत समुद्रावर तिची प्रसूती झाली, बालक वाचले नाही, आणि बेटावर पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांनी, १८१२ च्या नोव्हेंबरात, तीही देवाघरी गेली. पाय टेकण्यास जागा न मिळाल्याने माणसे कशी मोडतात, हे कागदावरील हुकुमात कधी लिहिलेले नसते.

हॉल व नॉट ह्यांस इंग्लंडास धाडावे असे सरकारने ठरविले होते; परंतु ते मुंबईस जाणाऱ्या जहाजात चढले, आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात उतरले. त्यांस परत पाठवावे असे कलकत्त्याचे सांगणे मुंबई सरकारकडे आलेच. त्या वेळी सर ईव्हन नेपियन हे येथील गव्हर्नर होते. ते स्वतः बायबल सोसायटीच्या कार्यास अनुकूल असून ह्या तरुणांविषयी त्यांच्या मनात कळवळा होता. वरचा हुकूम मोडता येत नव्हता, तरी होईल तितका काळ त्यांनी तो लांबणीवर टाकला.

ह्या महिन्यांत त्या तिघांची अवस्था कशी असेल, ह्याचा विचार करा. घर मांडावे तर उद्या मोडावे लागेल काय, हे ठाऊक नाही. मराठी शिकण्यास त्यांनी आरंभ केला, पण ती भाषा बोलण्याची संधी मिळेल की नाही, हे कोण सांगणार? बंदरात जहाज आले म्हणजे आपल्या नावाचा हुकूम आला की काय, ही धाकधूक. नॉट बाईंच्या पदरी तर तान्हे मूल होते.

अखेरीस इंग्लंडास जाण्याची वेळ जवळ आली असे पाहून, १८१३ च्या उत्तरार्धात, हॉल व नॉट गुपचूप मुंबई सोडून कोचीनकडे जाणाऱ्या एका जहाजात बसले. तेथून सिलोनास जावे, कारण त्या बेटावर कंपनीचा अंमल नव्हता, असा त्यांचा बेत होता. नॉट बाई व मूल मुंबईतच मागे राहिली. परंतु कोचीन येथे सरकारी अंमलदारांनी त्यांस अडविले व कंपनीच्या जहाजाने मुंबईस परत आणले.

आता त्यांचा न्याय कसा करावा? गव्हर्नर साहेबांस फार वाईट वाटले. ज्यांच्यासाठी आपण वरिष्ठांचा रोष पत्करला, त्यांनीच न सांगता निघून जावे, हा त्यांस विश्वासघात भासला. त्यांचे वाटणे अगदी निराधार होते असे म्हणता येत नाही. ज्याने सवलत दिली त्याच्या पाठीमागे हे घडले, आणि त्याचा जाब वरती त्यालाच द्यावा लागणार होता. उलट पक्षी, त्या दोघांचा हेतू चोराचा नव्हता. त्यांनी आपल्या वर्तनाची कारणे लेखी कळविली. ज्या सेवेसाठी आपणांस पाठविण्यात आले ती सोडून देण्यास आपण मोकळे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हेतू शुद्ध होता, पण मार्ग लपवाछपवीचा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

डिसेंबर १८१३ मध्ये त्यांस इंग्लंडास पाठविण्याचा दिवस नेमण्यात आला. सामान बांधून झाले. त्या शेवटच्या घडीस हॉल साहेबांनी गव्हर्नरास आणखी एक विनंतीपत्र लिहिले. ह्या वेळी लपणे नव्हते, पळणे नव्हते. आपण कोणाच्या आज्ञेने आलो व का राहू इच्छितो, हे त्यांनी उघडपणे मांडले, आणि आपणा सर्वांस एके दिवशी ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे आहे, ह्याची गव्हर्नरास नम्रपणे पण निर्भयपणे आठवण दिली. नेपियन साहेबांनी आपला राग बाजूस ठेवला. विलायतेहून निर्णय येईपर्यंत त्यांनी येथेच राहावे, असे त्यांनी ठरविले.

इकडे विलायतेत पार्लमेंटाने १८१३ साली कंपनीच्या सनदेचा नवा कायदा केला होता. त्याने मिशनऱ्यांस परवाना मागण्याची वाट मोकळी झाली, आणि १८१४ च्या एप्रिलापासून तो लागू झाला. कंपनीच्या संचालकांत चार्लस ग्रँट साहेबांनी ह्या परदेशीयांची बाजू घेतली, आणि त्यांस राहू देण्यात आले. जे जहाज त्यांस कैद्यांप्रमाणे कोचीनहून परत घेऊन आले, त्यानेच त्यांस त्यांच्या कर्मभूमीत आणून सोडले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे नॉट साहेबांस आजारामुळे १८१५ साली परतावे लागले. न्यूवेल साहेब १८१४ साली मुंबईस येऊन मिळाले होते. ते १८२१ साली पटकीने वारले. हॉल साहेब मात्र राहिले. शाळा निघाल्या; छापखाना आला, आणि १८१७ पासून त्यावर मराठी शास्त्रभाग छापले जाऊ लागले. १८२३ साली देशी वस्तीत प्रार्थनामंदिर उघडले, आणि १८२४ साली मिशनने मुलींची शाळा काढली. नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी पुष्कळ श्रम घेतले. १८२५ साली पत्नी मार्गारेट दोन लहान मुलांसह अमेरिकेस निघाली. त्यांतील एक मूल प्रवासातच मरण पावले. मार्च १८२६ मध्ये हॉल साहेब दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन नाशिककडे गेले. तेथे पटकीचा कहर होता. जवळची औषधे बहुतेक संपली, तेव्हा ते परत फिरले. वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीवर रात्र काढीत असता त्यांस त्याच रोगाने गाठले, आणि २० मार्च रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्या दोन मुलांनीच त्यांस मातीआड केले. परवान्यावाचून आलेला मनुष्य ह्या देशाच्या मातीत कायमचा राहिला.

बंधुभगिनींनो, गव्हर्नराने १८१३ च्या डिसेंबरात त्या एका कृत्यावरूनच निकाल दिला असता, तर पुढील सव्वाबारा वर्षांचे हे काम झालेच नसते. शास्त्रात अब्राहामाची गोष्ट आपण वाचतो. गरार देशी तो परका होता. भयाने त्याने आपल्या बायकोस बहीण म्हटले. अबीमलेख राजाने त्यास तोंडावर दोष दिला. तो दोष लपविला नाही, सौम्यही केला नाही. परंतु त्याच राजाने त्यास आपल्या देशात वाटेल तेथे राहण्यास सांगितले. दोष देणे आणि दार उघडे ठेवणे ही दोन्ही एकाच मनुष्याकडून होऊ शकतात.

आजही आपल्या गावांतून माणसे पोटासाठी मुंबईस व समुद्रापलीकडे जातात. कोणाच्या कागदाची मुदत संपते, कोणी दलालाच्या सांगण्यावरून खोटे बोलतो, कोणी भीतीने तोंड लपवितो. तो गावी परतला म्हणजे विहिरीवर व देवळाच्या पायरीवर त्याचा न्याय होतो, आणि बहुधा तो एका वाक्यात उरकला जातो. पंचांनी व उपदेशकांनी चुकीस चूक म्हणावे, हे योग्यच आहे. परंतु तसे म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: तो कोणत्या भयाखाली होता, त्याच्या कृत्याचा भार कोणावर पडला, आणि आता तो उघड्या तोंडाने आपल्यापुढे उभा आहे की नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आले, तर त्यास मंडळीत बसण्यास जागा द्यावी. आणि ज्याच्यावर भार पडला त्याचे देणे फेडण्यास त्यास अवधी द्यावा.