अनाथांचे गुरु पेस्टालॉझी

योहान हाइनरिख पेस्टालॉझी ह्यांचा जन्म १७४६ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं झाला. पांच वर्षांचे असतांनाच त्यांचें पितृछत्र हरपलें. १७९८ सालीं फ्रेंच सैन्याच्या हल्ल्यांत स्टान्स येथील अनेक मुलें पोरकीं झालीं. १७९९ च्या जानेवारींत पेस्टालॉझींनीं तेथें अनाथगृह उघडिलें. सुमारें ८० भेदरलेलीं मुलें त्यांच्या पदरीं आलीं. ते मुलांबरोबरच जेवीत, त्यांच्यांतच निजत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. हळूहळू भीति ओसरली व मुलें शिकूं लागलीं. परंतु सहा महिने लोटण्यापूर्वींच ती वास्तु लष्करी इस्पितळासाठीं घेण्यांत आली आणि संस्था मोडली. पेस्टालॉझी खचले, पण त्यांनीं व्रत सोडिलें नाहीं. पुढें इव्हर्डन येथील त्यांची शाळा युरोपभर गाजली. १८२७ सालीं ते निवर्तले. भ्यालेल्या मनांत अक्षर रुजत नाहीं, हा त्यांच्या चरित्राचा बोध शिक्षकांनीं व पालकांनीं सदैव ध्यानीं ठेवावा.