राजा तोडरमल : जमिनीच्या मापाला शिस्त लावणारे दिवाण

शेताच्या बांधावरून शेजाऱ्यांमध्ये होणारे तंटे आपल्या देशाला नवे नाहीत. नांगराच्या प्रत्येक फेरीला बांध थोडा कोरला जातो, जुनी खूण नाहीशी होते आणि पुढच्या पिढीत दोन्ही पक्ष आपापल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असतात. मग वादाचा निवाडा येऊन ठेपतो तो मोजणीवर. ही मोजणी कशाने करावी, या प्रश्नाशी सोळाव्या शतकात राजा तोडरमल यांचे नाव कायमचे जोडले गेले.

तोडरमल यांचा जन्म आजच्या उत्तर प्रदेशातील लहरपूर येथे झाला, असे मानले जाते. लेखनिक म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. शेरशाह सूरीच्या राजवटीत पंजाबातील रोहतास किल्ल्याच्या बांधकामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे ते अकबराच्या सेवेत दाखल झाले. हिशेबनीस म्हणून त्यांची ख्याती असली तरी ते रणांगणावरही कच्चे नव्हते. १५७५ मध्ये तुकारोई येथील लढाईत सेनापती मुनीम खान जखमी झाला असता तोडरमल यांनी आपली फळी ढळू दिली नाही.

गुजरात जिंकल्यानंतर अकबराने तेथील जमीनमहसुलाची घडी बसविण्यासाठी त्यांना पाठविले. जमीन मोजण्यासाठी त्या काळी तागाचा दोर वापरला जात असे. हा दोर दवाने भिजला की आखडे आणि उन्हात वाळला की लांबे. पहाटे मोजलेले शेत आणि दुपारी मोजलेले तेच शेत यांचे आकडे त्यामुळे जुळत नसत. ओल्या दोराने शेतकरी नाडला जाई, तर कोरड्या दोराने सरकारी खजिना. शिवाय मोजणी करणाऱ्याच्या हाती लबाडीचे सोपे साधन येई, ते निराळेच.

१५७४-७५ च्या सुमारास या दोराच्या जागी बांबूच्या काठ्या लोखंडी कड्यांनी जोडून केलेली जरीब आली. ही सुधारणा परंपरेने तोडरमल यांच्या नावावर जमा आहे. नव्या मापाने मोजल्यावर जुन्या आणि नव्या बिघ्यात दोन बिस्व्यांहून अधिक तफावत आढळली. वीस बिस्व्यांचा एक बिघा, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत किती मोठी होती हे कळते. वेगवेगळ्या कामांसाठी प्रचारात असलेले वेगवेगळे गज मोडून पुढे ४१ अंगुळांचा इलाही गज ठरविण्यात आला. साठ गज लांब व साठ गज रुंद, म्हणजे ३६०० चौरस गज जमीन, हा बिघा झाला.

१५८० मध्ये दहा वर्षांच्या उत्पन्नाची व भावांची सरासरी काढून सारा ठरविण्याची पद्धत लागू झाली. या कामात ख्वाजा शाह मन्सूर यांचाही मोठा वाटा होता. सारे श्रेय एकट्या तोडरमल यांना देणे न्यायाचे होणार नाही. १५८२ मध्ये ते दिवाणपदी आले. महसुलाचे दप्तर सर्वत्र फारसीत ठेवण्याचा दंडकही त्यांनीच घालून दिला.

या साऱ्या व्यवस्थेचा हेतू महसुलाचा होता, शेजाऱ्यांची भांडणे मिटविण्याचा नव्हे. तरीही क्षेत्राची नोंद झाल्यावर कोणाचे शेत वाढले व कोणाचे घटले, हे पडताळण्याला आधार मिळाला. उणीव होती ती नकाशाची. जमीन किती हे दप्तर सांगे. हद्द नेमकी कोठून जाते, यासाठी मात्र गावातील जाणत्या माणसांच्या साक्षीवरच भिस्त ठेवावी लागे.

तोडरमल स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ होते. प्रवासात देवपूजेच्या मूर्ती हरवल्या तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला होता. त्यांच्या आश्रयाखाली ‘टोडरानंद’ हा विशाल संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्यात व्यवहार, म्हणजे न्यायनिवाडा, या विषयाला स्वतंत्र भाग आहे. धर्मशास्त्राने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत सीमाविवादाची गणना होते, हे येथे नमूद करावयास हवे.

उतारवयात गंगाकाठी राहण्यासाठी त्यांनी निवृत्ती मागितली. बादशहाने ती दिली, पण लगेच परत बोलावून घेतले. नोव्हेंबर १५८९ मध्ये लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

दख्खनमध्ये त्यांच्या पद्धतीचा अवलंब मुर्शिद कुली खानाने शाहजहानच्या काळात केला. स्वराज्यात शिवाजी महाराजांनी काठीचे माप ठरवून जमिनीची मोजणी करविली. हद्दीचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाताळला गेला तो १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत. तेव्हा प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर खुणा आल्या आणि गावाचे नकाशे तयार झाले. या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिच्या एका चौरसाला गुंठा म्हणतात, आणि महाराष्ट्रातील शेतकरी बोलताना आजही आपले क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतो.