इंटरनेटचा दप्तरदार

हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजलिस येथे जोनाथन पोस्टेल यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५५ वर्षांचे होते. ज्या संस्थेच्या हाती ते आपले आयुष्यभराचे दप्तर सोपविणार होते, त्या 'आयकॅन'ची स्थापना होऊन जेमतेम सोळा दिवस झाले होते. इंटरनेटवर कोणता क्रमांक कोणाला द्यायचा आणि कोणत्या देशाच्या नावाचा कारभार कोणी पाहायचा, याची नोंद पोस्टेल जवळजवळ तीन दशके ठेवत आले होते. गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की या कुलकर्ण्याला कोणी सनद दिलेली नव्हती.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडिना येथे झाला. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी याच प्रयोगशाळेतून 'अर्पानेट' या जाळ्यावरील पहिला संदेश स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेकडे निघाला. 'लॉगिन' या शब्दाची दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. त्या काळी संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम ही विद्यार्थी मंडळीच लिहीत होती. हुकूम सोडल्यासारखे वाटू नये म्हणून त्यांनी आपल्या टिपणांना अभिप्रायासाठी विनंती असे विनम्र नाव दिले. याच टिपणांना पुढे 'आरएफसी' म्हटले जाऊ लागले. त्यांच्या संपादनाचे काम पोस्टेल यांनी अंगावर घेतले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही.

क्रमांकांचे काम त्यांच्याकडे आले ते मात्र जवळजवळ गमतीने. एकाच संगणकावर अनेक सेवा चालत असतील, तर आलेला संदेश कोणत्या सेवेचा हे ओळखायला प्रत्येक सेवेला ठरलेला क्रमांक हवा. १९७२च्या मे महिन्यात पोस्टेल यांनी एका टिपणात सुचविले, की हे क्रमांक वाटायला कोणीतरी एक अधिकारी नेमावा. तो आपणच असावा काय, असेही त्यांनी कंसात विचारून ठेवले. कोणी हरकत घेतली नाही. ई-मेल पोहोचविणाऱ्या सेवेचा क्रमांक आजही २५ आहे, तो याच यादीतला.

परंतु पोस्टेल यांना केवळ नोंदी ठेवणारा माणूस समजणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. 'टीसीपी'च्या मूळ आराखड्यात दोन कामे एकत्र होती. माहितीचे तुकडे जाळ्यातून मुक्कामी नेणे हे एक आणि ते सगळे क्रमाने पोहोचले की नाही याची खातरजमा करणे हे दुसरे. ऑगस्ट १९७७मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात या सरमिसळीवर बोट ठेवले. वाटेतल्या यंत्राने फक्त तुकडा पुढे ढकलावा, खातरजमा दोन टोकांच्या संगणकांनी करावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी ही विभागणी मान्य झाली आणि 'टीसीपी' व 'आयपी' वेगळे झाले. वाटेतली यंत्रे साधी राहिली आणि जाळे अफाट वाढू शकले, त्यामागे ही विभागणी आहे. शिवाय चालू संभाषणात एखादा तुकडा हरवला, तर तो मागाहून मागवून उपयोग नसतो. अशा कामांसाठी पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८०मध्ये खातरजमेशिवाय चालणारा 'यूडीपी' हा प्रोटोकॉल लिहिला.

स्वतः पाठवताना नियम काटेकोरपणे पाळावेत, दुसऱ्याकडून आलेले मात्र उदारपणे समजून घ्यावे, हे त्यांनी घालून दिलेले तत्त्व त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या उदारपणामुळे सदोष आज्ञावल्याही खपून गेल्या, अशी टीका पुढे झाली आणि ती निराधार नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी 'अर्पानेट' नव्या प्रोटोकॉलवर आले, ते पोस्टेल यांनी १९८१मध्ये आखलेल्या योजनेनुसार. तोवर सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत. ती पुरेनाशी झाली, तेव्हा पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर नवी व्यवस्था उभारण्याचे काम सोपविले. त्यातून आजची डोमेन नावे आली. देश कशाला म्हणावे हा वाद पोस्टेल यांनी शिताफीने टाळला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीतली दोन अक्षरे घ्यायची, एवढेच त्यांनी ठरविले. भारताचे 'डॉट इन' १९८९मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईत जुहू येथे असलेल्या 'एनसीएसटी' या संस्थेने पाहिला.

१९९५मध्ये 'डॉट कॉम' नावांसाठी पैसे आकारले जाऊ लागले आणि विश्वासावर चाललेल्या या कारभाराला बाजाराचा स्पर्श झाला. नावांची मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीच्या सर्व्हरवर होती. तिच्यावर अंतिम अधिकार कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी तेरा रूट सर्व्हरांपैकी आठांच्या चालकांना ई-मेल पाठविला. यादी यापुढे कंपनीकडून न घेता आपल्या संगणकावरून घ्यावी, एवढीच त्यात विनंती होती. आठही जणांनी ती मानली. वापरणाऱ्यांना काही कळलेही नाही, परंतु वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्या दडपणानंतर सुमारे आठवडाभरात सारे पूर्ववत झाले. ती केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले. दाढीधारी, पायांत सँडल घालून वावरणारा हा मितभाषी संशोधक बंडखोर मुळीच नव्हता. तरीही ती निव्वळ चाचणी होती, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. सरकारने ३० जानेवारीला जाहीर केलेल्या प्रस्तावात नावांची व्यवस्था नव्या संस्थेकडे देण्याचा विचार होता. ते दोन दिवसांचे अंतर बोलके आहे.

त्यांच्या निधनानंतर मित्र विंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख 'आरएफसी' क्रमांक २४६८ म्हणून त्याच मालिकेत प्रसिद्ध झाला. क्रमांकांच्या दप्तरावरील अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. पोस्टेल यांनी संपादित केलेल्या १९८१च्या 'टीसीपी' दस्तऐवजाची जागा २०२२मध्ये नव्या दस्तऐवजाने घेतली. 'यूडीपी'चा तीन पानांचा दस्तऐवज मात्र लेखक म्हणून त्यांच्या एकट्याच्या नावाने अजूनही लागू आहे.