एका थापडीने हिरोईनपण गेलं, पण पुरस्कार मिळवूनच दाखवला. येवल्याच्या ललिता पवार यांची गोष्ट

नांदगाव : येवला म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते, तात्या टोपे आठवतात. पण पडद्यावरची ती खाष्ट सासू, एक डोळा बारीक करून सुनेकडे बघणारी, तीसुद्धा आपल्या शेजारच्या या तालुक्याचीच लेक, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं.

ललिताबाईंचं माहेरचं नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, येवल्यातला. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाणं लोकांना पटत नव्हतं, तो हा काळ. अशा वेळी १९२८ मध्ये मूकपटाच्या जमान्यात अंबा लहान वयातच 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात उभी राहिली. पगार महिना १८ रुपये.

पुढे ललिता हे नाव घेऊन त्या हिरोईन झाल्या. १९३२ साली 'कैलास' हा मूकपट काढण्यात त्यांचा स्वतःचा पैसा आणि वाटा होता. बोलपट आल्यावर टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' काढला. म्हणजे बाई नुसती नटी नव्हती, निर्मातीही होती.

सगळं सुरळीत चाललं असताना १९४२ साल उजाडलं. 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये भगवानदादांनी त्यांना थापड मारायची, असा प्रसंग होता. हात अंदाजापेक्षा जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर दुखावली, चेहऱ्याला लकवा मारला. जवळपास तीन वर्षं उपचार चालले, पण डोळा पहिल्यासारखा झालाच नाही. हिरोईनचं सगळं भांडवल चेहरा. तोच बिघडल्यावर दुसरी कोणी असती तर घरी बसली असती.

ललिताबाई बसल्या नाहीत. हिरोईनची कामं सुटली, तर त्यांनी दुसरी कामं धरली. १९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी ती आनंदीबाई! १९५० मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू केली. ज्या डोळ्यामुळं काम गेलं, त्याच डोळ्यानं आता थिएटरातले लोक घाबरायला लागले. गावोगावी कजाग बाईला ललिता पवार म्हणायची पद्धतच पडली, ती अजून आहे.

पण इथंच एक गोष्ट लोक विसरतात. बाईंना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो दुष्ट सासूसाठी नाही.

१९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये त्यांनी रस्त्यावर केळी विकणारी मायाळू बाई केली होती. त्यानंतर १९५९ मध्ये हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी' आला. त्यात त्या झाल्या मिसेस डिसा, म्हणजे राज कपूरची घरमालकीण. तोंडानं फटकळ, भाडेकरू पोराला सारखी रागावणार, पण जीव पोटच्या लेकरासारखा लावणार. शेवटी भेसळीच्या औषधानं ती मरते, तेव्हा थिएटरात बायाबापड्या डोळ्याला पदर लावायच्या. या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार ललिताबाईंना मिळाला. डोळा तोच होता, पण त्यातून माया दिसली. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनंही त्यांचा गौरव केला.

त्यानंतरही काम थांबलं नाही. 'मेमदीदी', 'प्रोफेसर' हे चित्रपट झाले. सत्तरी ओलांडल्यावर रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत त्यांनी मंथरा केली. लॉकडाऊनमध्ये २०२० ला ती मालिका टीव्हीवर परत लागली, तेव्हा आपल्या घराघरात लहान पोरांनीही मंथरेला शिव्या घातल्या. ती येवल्याची आहे, हे किती घरांत सांगितलं गेलं असेल?

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध इथं त्या गेल्या. पती दवाखान्यात होते, घरात त्या एकट्याच. त्या गेल्याचं बाहेर लगेच कळलंही नाही. बाराव्या वर्षापासून सत्तर वर्षं कॅमेऱ्यासमोर राबलेल्या बाईचा शेवट असा झाला.

आपण त्यांना दुष्ट सासू म्हणूनच लक्षात ठेवलं. मोबाईलवर 'अनाडी' सापडला तर एकदा जरूर बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शेजारी बसवून दाखवा. मिसेस डिसा बघून झाल्यावर पोरांना सांगा, ही बाई मनमाडच्या पुढच्या येवल्याची.