देवळालीचे संख्यावेडे मास्तर

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या हाती येते आणि पुढे ती बदलत नाही. गणितविश्वात 'कापरेकर स्थिरांक' म्हणून मान्यता पावलेली ही संख्या शोधली ती नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा छंद होता. त्यातूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक लाभले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांना घेता आले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

शाळा सुटली की मास्तरांचे खरे जग सुरू होई. १४२८५७ या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की मूळ संख्या परत मिळते. अशा संख्या आज 'कापरेकर संख्या' म्हणून ओळखल्या जातात. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' असे प्रसन्न नाव दिले. ६१७४ हीदेखील हर्षदच. अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३. नऊ एककांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अशा डौलदार संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकावरून 'डेम्लो' म्हटले.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. परंतु विद्यापीठीय वर्तुळातील अनेकांना हे सारे पोरखेळ वाटले. कापरेकर खचले नाहीत. पुस्तिका स्वत:च छापून ते आपले निष्कर्ष मांडत राहिले. निवृत्तीनंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून शिकवण्याही कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि देवळालीचे मास्तर जगभर पोहोचले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन ही वजाबाकी करून पाहावी: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. मृत्यूचे वर्ष १९८६ सहाच पायऱ्यांत तेथे पोहोचते. पडताळून पाहण्यास केवळ कागद, पेन्सिल आणि शाळेतली वजाबाकी पुरते. मास्तरांजवळ तरी याहून अधिक काय होते?