हरिभाऊ आपटे : उसन्या साच्यातून स्वतःच्या वाटेकडे

मराठी कादंबरीचा विषय निघाला की हरि नारायण आपटे यांचे नाव पहिल्या पंक्तीत येते. पण हरिभाऊ दुसऱ्याच्या कादंबऱ्या समोर ठेवून लिहायला शिकले, हे फारसे सांगितले जात नाही. आम्हांला आज तेच सांगायचे आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच आई गेली. मुंबईत काही वर्षे काढून १८७८ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या त्या शाळेने त्यांना घडवले. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्याच गुरूच्या पुस्तकावर सविस्तर टीकालेख लिहिला. परकी कलाकृती मराठीत आणताना काय साधते आणि काय निसटते, याचा विचार त्यांनी इतक्या लवकर सुरू केला होता. गणिताशी मात्र त्यांचे कधी जमले नाही, त्यामुळे पदवी हाती आली नाही.

त्या काळी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जात. विलायतेत त्याची लंडनवरची कादंबरी एका पेनीला एक भाग अशी दर आठवड्याला विकली जाई. गुन्हे, व्यसने, बड्या घरांतील भानगडी आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढे काय ही हुरहूर, असा तो मसाला होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८५ मध्ये, हरिभाऊंनी ‘मधली स्थिती’ लिहिली ती या कादंबरीच्या धर्तीवर. सांगाडा विलायती होता, पण त्यात वावरणारी माणसे पुण्याची होती. जुने सुटले आणि नवे पचले नाही अशा सुशिक्षितांची ती कथा होती. पुढे ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपू सुलतानावरची कादंबरी त्यांनी हाती घेतली, तिलाही मेडोज टेलर या इंग्रज लेखकाचा आधार होता. मोलिएर या फ्रेंच नाटककाराची प्रहसनेही त्यांनी मराठी वेषात उभी केली.

चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार हरिभाऊंनी सांभाळला. दिवसभर संस्कृत पोथ्यांच्या छपाईची व्यवस्था पाहायची आणि शिवाय कादंबरीचा पुढचा भाग वेळेवर द्यायचा, असा त्यांचा संसार होता. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नाव करमणुकीचे, पण त्यात सुरू झालेली ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचकाला चटका लावणारी होती. यमू नावाची मुलगी स्वतःच आपली कहाणी सांगते : माहेर, सासर, वैधव्य आणि शेवटी केशवपन. आठवड्याला एक भाग ही रीत रेनॉल्ड्सच्या वाटेनेच आलेली, पण यमूचा आवाज कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणारा नव्हता. माजघरात, परसदारी बायका जशा बोलत, तशी तिची भाषा आहे. आमच्या मते हरिभाऊंचा अस्सलपणा इथे सुरू झाला. त्यासाठी त्यांना नवे कथानक शोधावे लागले नाही. आपल्याच घरात कोणी नीट ऐकत नव्हते ते त्यांनी ऐकले.

ऐतिहासिक कादंबरीतही ते पहिले नव्हते. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे सुपुत्र रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. हरिभाऊंच्या ‘उषःकाल’मध्ये भुयारे, वेषांतरे, गुप्त खलबते हे सारे लोकप्रिय साहित्य भरपूर आहे आणि स्कॉटच्या वळणाची छायाही आहे. कथा कधी पाल्हाळिक होते, हेही खरे. तरी स्वराज्याच्या पहाटेला सामान्य शिलेदार, किल्लेदार आणि त्यांच्या घरचे बाप-लेकांचे ताण त्यांनी दाखवले, ते त्यांचे स्वतःचे आहे. अखेरच्या काळातील ‘वज्राघात’मध्ये त्यांनी विजयनगरचा पाडाव रंगवला. हंपीचे भग्न वाडे पाहून आलेल्या आपल्याकडच्या वाचकाने ती अवश्य वाचावी.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुणे नगरपालिकेतही त्यांनी काम केले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले.

हे सारे आठवण्याचे कारण असे. गणेशोत्सवातील कथास्पर्धेत एखाद्या मुलाने रहस्यकथा लिहिली की आपण लगेच म्हणतो, ही तर अमक्याची नक्कल. मूल खट्टू होते आणि पुन्हा लिहीत नाही. सीमाभागात मराठीत लिहिणारी मुले आधीच मोजकी आहेत. दुसऱ्याचे लेखन जसेच्या तसे आपल्या नावावर खपवणे ही चोरी, तिला माफी नको. पण साचा घेऊन हात बसवणे हा अभ्यास आहे. गवईसुद्धा आधी गुरूच्या मागून गातो. तेव्हा अशा मुलाला आपण एवढेच विचारावे, की या कथेत तुझ्या गल्लीतले, तुझ्या घरातले कोण आहे? उत्तर नाही आले, तर पुढच्या वर्षी पुन्हा लिहायला सांगावे. ‘मधली स्थिती’ आणि यमू यांच्यामध्ये हरिभाऊंनाही पाच वर्षे लागली होती.