सव्वीस मिनिटांचं फुप्फुस

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या होस्टेलमध्ये कुणी झोपत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षी अशाच एका रात्री मीही जागा होतो. पण फाईल पूर्ण करत नव्हतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला टर्ब्युलंट फ्लो शिकवताना सर सहज बोलून गेले होते, की एका सर्जनचं वर्षानुवर्षं अडलेलं काम याच टर्ब्युलन्सने पुढे सरकवलं. त्या सर्जनबद्दल वाचता वाचता पहाट झाली. फाईल तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी जे व्हायचं ते झालं!

पण त्या जागरणाला आणखी एक कारण होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे काका आयसीयूत होते. व्हेंटिलेटर लावलेला होता. डॉक्टर बाहेर येऊन बाबांना सांगत होते, की व्हेंटिलेटर फक्त हवा आत ढकलतो. फुप्फुसच इतकं सुजलं असेल तर ऑक्सिजन रक्तात उतरणार कसा? एक मशीन असतं, ते रक्तच बाहेर घेतं, त्यात ऑक्सिजन मिसळतं आणि परत अंगात सोडतं. त्याला 'एक्मो' म्हणतात. ते इथे नाही. मी तेव्हा दहावीत होतो. दोन दिवसांनी काका गेले. तो शब्द मात्र डोक्यात राहिला.

त्या मशीनचं मूळ शोधत गेलं की जॉन गिबन या अमेरिकन सर्जनपाशी येऊन थांबावं लागतं.

गिबन यांचा जन्म १९०३ चा, फिलाडेल्फियातला. घराण्यात पिढ्यान् पिढ्या डॉक्टर, वडीलही सर्जन. या मुलाला मात्र कविता लिहायच्या होत्या. मेडिकल सोडून लेखक व्हावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण वडिलांनी समजूत घातली, आधी डिग्री तर घे! (हा संवाद आपल्यापैकी किती जणांच्या घरी झालाय?) १९२७ साली ते जेफरसन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले आणि पुढे बोस्टनला डॉ. चर्चिल यांच्या हाताखाली रिसर्च फेलो म्हणून गेले.

तिथे एका रात्री त्यांची ड्यूटी एका बाईंच्या उशाशी लागली. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या रक्तात गुठळी होऊन ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकली होती. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचा, एवढंच काम. गुठळी काढायचं ऑपरेशन तेव्हा इतकं धोक्याचं होतं, की पेशंट अगदी शेवटाला आल्याशिवाय कुणी हात घालत नसे. रात्रभर गिबन बघत राहिले. रक्त काळपट होत चाललं होतं, शिरा फुगत होत्या. सकाळी चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत गुठळ्या काढल्या, तरी बाई वाचल्या नाहीत.

गिबन यांच्या मनात त्या रात्री एक साधी गोष्ट आली. हे काळं रक्त शिरेतून बाहेर काढता आलं, त्यात ऑक्सिजन घालून कार्बन डायऑक्साइड काढता आला आणि ते लाल रक्त परत धमनीत सोडता आलं, तर अडकलेल्या फुप्फुसाची वाट बघायलाच नको. विचार एका रात्रीत आला. त्याला माणसावर यश यायला मात्र वीसहून जास्त वर्षं लागली.

बहुतेक वरिष्ठांना हे खूळ वाटलं. साथ मिळाली ती पत्नी मेरी यांची. त्या चर्चिल यांच्याच प्रयोगशाळेत टेक्निशियन होत्या; १९३१ मध्ये दोघांचं लग्न झालं. १९३४ साली दोघं पुन्हा बोस्टनला आले आणि कामाला लागले. हवेचा पंप जुन्या बाजारातून थोडक्या डॉलरात घेतला. प्रयोगाला मांजरं कमी पडायला लागली, तेव्हा गिबन रात्री गोणी आणि माशाचं आमिष घेऊन बोस्टनच्या रस्त्यांवरची भटकी मांजरं पकडायला निघत! फिरत्या सिलिंडरच्या आतल्या बाजूने रक्ताचा पातळ थर सोडायचा आणि त्यावर ऑक्सिजन खेळवायचा, अशी त्यांची रचना होती. १९३५ मध्ये एका मांजराची फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी पूर्ण आवळूनही ते मशीनवर जिवंत राहिलं. त्या दिवशी नवरा-बायको प्रयोगशाळेत चक्क नाचले.

मग महायुद्ध आलं. गिबन सैन्यात सर्जन म्हणून पॅसिफिककडे गेले. काम थांबलं.

१९४६ मध्ये ते जेफरसनला प्रोफेसर झाले, आणि आता गोष्ट आपल्या बाजूला येते, मित्रांनो. मांजरासाठी चालणारं मशीन माणसाला पुरत नाही. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. एवढ्या रक्ताला पुरेल असा सिलिंडर करायचा तर तो अवाढव्य होणार, आणि तो भरायलाच किती रक्त लागणार? एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून गिबन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्यापर्यंत पोचले. वॉटसन यांनी इंजिनिअर दिले, खर्चही कंपनीने उचलला.

खरी गाठ सुटली ती टर्ब्युलन्सने. रक्ताचा थर गुळगुळीत पृष्ठभागावरून शांत वाहिला, की वरचा पापुद्रा ऑक्सिजन घेतो आणि खालचं रक्त उपाशीच राहतं. गिबन यांच्याकडच्या तरुण डॉक्टरांच्या लक्षात आलं, की वाटेत तारेची जाळी ठेवली तर थर ढवळला जातो आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ऑक्सिजन रक्तात जातो. सिलिंडर गेला, त्याच्या जागी प्लास्टिकच्या पेटीत उभ्या टांगलेल्या जाळ्या आल्या. जोडीला रोलर पंप, तापमान आणि पातळी सांभाळणारी यंत्रणा. लॅमिनार आणि टर्ब्युलंटमधला फरक मी परीक्षेत चार मार्कांसाठी लिहिला होता. इथे त्यावर माणसाचा जीव टांगला होता.

फेब्रुवारी १९५२. पहिली पेशंट पंधरा महिन्यांची मुलगी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे असं निदान होतं. उघडून बघितलं तर छिद्र नव्हतंच. दोष दुसरीकडे होता. मुलगी गेली.

६ मे १९५३. अठरा वर्षांची कॉलेजमधली मुलगी. या वेळी छिद्र होतं. ४५ मिनिटं ती मशीनला जोडलेली होती आणि त्यातली २६ मिनिटं हृदय आणि फुप्फुस या दोघांचंही काम मशीनने एकट्याने केलं. मध्येच जाळ्यांवर रक्त साकळायला लागलं, सगळ्यांचे श्वास अडकले. पण गिबन यांनी छिद्र शिवून पूर्ण केलं. ती मुलगी बरी झाली आणि पुढे अनेक वर्षं जगली.

आपल्या पिक्चरमध्ये गोष्ट इथे संपली असती. पण जुलै १९५३ मध्ये गिबन यांनी आणखी दोन लहान मुलींवर ऑपरेशन केलं. दोघीही गेल्या. गिबन यांनी मशीन वापरणं थांबवलं, आणि स्वतः पुन्हा कधीच त्यावर ऑपरेशन केलं नाही.

हे वाचून माझा रूम पार्टनर म्हणाला, शेवटी पळालाच की! मला तसं वाटत नाही. चारपैकी तीन पेशंट दगावले होते, हा हिशेब त्यांनी स्वतःपासून लपवला नाही. मशीनही कुलूपबंद केलं नाही. मेयो क्लिनिकच्या डॉ. कर्कलिन यांच्या चमूला त्याची रचना मिळाली, तिथल्या इंजिनिअरांनी ती सुधारली आणि १९५५ मध्ये पहिल्या आठ पेशंटांपैकी चार वाचले. गिबन जेफरसनमध्ये शिकवत राहिले. १९६७ साली निवृत्त झाले, चित्रं काढायला लागले. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

एक गोष्ट राहून गेली होती. गिबन यांच्या मशीनमध्ये ऑक्सिजन थेट रक्ताला भिडायचा, त्याने काही तासांतच रक्त खराब व्हायचं. ऑपरेशनपुरतं ठीक, पण फुप्फुसाला बरं व्हायला दिवस लागतात. मग रक्त आणि वायू यांच्यामध्ये पातळ पडदा आला. १९७१ मध्ये डॉ. डोनाल्ड हिल यांच्या चमूने अपघातात सापडलेल्या एका तरुणाला अशा मशीनवर तीन दिवस जगवलं. १९७५ मध्ये सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला वाचवलं. तेच एक्मो. बोस्टनच्या त्या रात्रीचा प्रश्न मूळ श्वासाचाच होता, आणि त्याचं उत्तर असं फिरून, दुसऱ्यांच्या हातून आलं.

काकांपर्यंत ते पोचलं नाही. मशीन महाग, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं कमी. आमच्या तालुक्याच्या गावी परवडेल असा ऑक्सिजनेटर आणि पंप बनवणं हे काम अजून कुणीतरी करायचं बाकी आहे. बॅच सुटताना प्रोजेक्टचे विषय शोधत वणवण करणाऱ्या माझ्या ज्युनिअर मित्रांनो, त्यासाठी कविता सोडायची गरज नाही, गिबननीही शेवटपर्यंत सोडली नव्हती. एक रात्र नीट जागून बघितलं तरी सुरुवात होते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी